लिफाफा गेला, रिंग राहिली

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



निविदेची पेटी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिची कथा सांगायला नको. ठरल्या वेळी कचेरीच्या दाराशी चार माणसे उभी राहत आणि पाचव्याचा लिफाफा पेटीपर्यंत पोहोचतच नसे. ई-निविदेने ती चार माणसे दारातून हटवली. हे काम मोठे आहे, आणि ते मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. केंद्र सरकारने २०१६ मध्ये ‘जेम’ ही सरकारी ई-बाजारपेठ उघडली आणि २०१७ मध्ये आपले जुने पुरवठा महासंचालनालय बंद केले, तेव्हाही अपेक्षा स्पर्धेचीच होती.

परंतु दार उघडे असणे निराळे आणि आत आलेले गडी परस्परांपासून स्वतंत्र असणे निराळे. स्पर्धा होते ती या दुसऱ्या गोष्टीने.

पुण्याचेच उदाहरण घ्या. महानगरपालिकेने २०१४-१५ मध्ये कचरा प्रक्रिया प्रकल्पांसाठी निविदा मागवल्या. कागदोपत्री स्पर्धा व्यवस्थित होती. नागरिक चेतना मंच या संस्थेला संशय आला व तिने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. चौकशीत निघाले काय? प्रतिस्पर्धी म्हणवणाऱ्यांच्या निविदा एकाच आयपी पत्त्यावरून भरलेल्या, अनामत रकमेचे डिमांड ड्राफ्ट एकाच बँक खात्यातून काढलेले! ज्याला कंत्राट हवे होते त्याच्या शेजारी बाकीचे नुसते शोभेला उभे होते. ठेकेदारांच्या भाषेत याला ‘रिंग करणे’ म्हणतात; २००२ च्या स्पर्धा कायद्याने ते निषिद्ध आहे. २०१८ मध्ये आयोगाने या कंपन्यांना दंड ठोठावला.

आता यातली गंमत पाहा. संगनमत यंत्राने रोखले नाही, पण त्याच्या खुणा मात्र यंत्रानेच जपून ठेवल्या. कोणी कोठे बसून दर भरला, हे कागदी लिफाफ्यावर उमटत नसते. प्रश्न एवढाच, की या खुणा वाचायच्या कोणी? कचेरीतला कारकून तीन निविदा आल्या की समाधानाने टिप्पणी लिहून मोकळा होतो. त्याला दोष तरी काय द्यावा, नियमाने त्याच्याकडे मागितली ती संख्याच. (मजुरीप्रधान कामांत दर पाडणाऱ्या उलट्या लिलावाची झळ शेवटी सफाई कामगाराच्या पगाराला लागते. तो विषय स्वतंत्रपणे घ्यावा लागेल.)

तेव्हा आपापल्या नगरपालिकेतील गेल्या तीन वर्षांच्या, कंत्राट देऊन झालेल्या निविदा माहितीच्या अधिकारात मागवा. त्या शेजारी शेजारी मांडा. कोण कोणाबरोबर येतो, कोण दर वेळी हरतो, आणि हरलेला पुढे जिंकलेल्याचाच पोटठेकेदार म्हणून त्याच कामावर दिसतो का, ते पाहा. पुढच्या बैठकीला येताना ते कागद बरोबर आणा.