यमू नावाची मुलगी

माझ्या आजीकडे एक पितळी परात होती. काठावर टिंबाटिंबांनी कोरलेलं, ‘चि. यमुना हीस आईकडून’. आम्हा नातवंडांची समजूत अशी, की ही शेजारच्यांची परात, द्यायची राहून गेलेली. कारण आजीचं नाव सरस्वती. एका भाऊबिजेला तिचे थोरले भाऊ आले, पायरीवर बसून वहाणा काढता काढता आत ओरडले, “यमे, पाणी आण गं!” आणि आजी पदर सावरत धावली. परात आमचीच होती तर!

अध्यक्षमहाराज आणि मंडळी, आजचं व्याख्यान त्या यमीच्या नावाचं.

नाव फार जुनं. ‘यम’ म्हणजे जुळं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यम आणि यमी ही जुळी भावंडं बोलताना भेटतात. बहीण संग मागते, भाऊ नाकारतो. शाळेत शिकवत नाहीत असं ते सूक्त आहे. पुढे पुराणांनी यमीला नदी केलं, सूर्याची लेक केलं, आणि तिच्या घरी यम जेवायला गेला तो दिवस आपण यमद्वितीया म्हणून पाळतो. मृत्यूला ओवाळणारी ही एकटीच बहीण. इराणात हाच यम ‘यिम’ होतो, त्याला ‘तेजस्वी’ हे विशेषण चिकटतं आणि त्या जोडीचा होतो जमशेद. म्हणजे मुंबईतला कुणी पारशी जमशेद आणि आमची आजी नात्याने भाऊबहीण! ‘य’चा ‘ज’ होणं आपल्याला नवं नाही. यात्रेची जत्रा होते, योग्याचा जोगी होतो, तशी यमुनेची जमुना. सयाजीरावांना १८७५ साली दत्तक घेणाऱ्या बडोद्याच्या महाराणी जमनाबाई, त्याही यमुनाच.

वेरूळला गेलात तर कैलास लेण्याच्या आवारात उत्तरेच्या बाजूला तीन नद्यांचं छोटं देवघर आहे, तिथे जरा थांबा. गंगा मगरीवर, यमुना कासवावर. लोक हत्ती बघायला पुढे पळतात.

आता गंमत पाहा. नक्षत्राचं, झाडाचं किंवा नदीचं नाव असलेली मुलगी करू नये, असं मनुस्मृतीचा तिसरा अध्याय सांगतो. आणि त्याच स्मृतीचा दाखला ऊठसूट देणाऱ्या घरांतून गंगू, यमू, गोदू, कृष्णी, तापी नुसत्या बागडत होत्या. बायकांनी पाळण्यापाशी काय म्हणायचं, ते मनूला विचारून ठरत नसे.

एकोणिसाव्या शतकात यमुना हे इतकं घरोघरचं नाव होतं, की लेखकाला ‘कुठलीही एक मुलगी’ म्हणायची असली की तो यमू म्हणे. बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालचं; त्यातली यमुना विधवांची दुःखं बघत हिंडते आणि पुढे स्वतःच विधवा होते. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ १८९० पासून ‘करमणूक’मध्ये येऊ लागली, तिथेही आपली कहाणी स्वतः सांगणारी यमूच, आणि तिच्या डोक्यावरून वस्तरा फिरतो. मराठी कादंबरीने पहिली पावलं टाकली ती या एका नावाचा हात धरून, असं मी म्हटलं तर जाणकारांनी रागावू नये.

पुस्तकातल्या यमूचं नाव शेवटपर्यंत यमूच राहिलं. खऱ्या यमूंचं तसं नाही. १८६२ साली देवराष्ट्रे गावी कुर्लेकरांच्या घरी यमुना जन्मली. आपण तिला रमाबाई रानडे म्हणतो. १८६५ साली कल्याणला दुसरी यमुना जन्मली. तिची आपण केली आनंदीबाई जोशी, डॉक्टर. अमेरिकेत पकिप्सीच्या स्मशानभूमीत तिच्या रक्षेवर दगड आहे, त्यावर आनंदीबाईच. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यात नाव काढायचं, सगळ्यांना साखर वाटायची; झालं, माहेरची मुलगी संपली. तांदूळ नंतर डब्यात परत जात, नाव मात्र परत येत नसे. मला सांगायचं आहे ते एवढंच की यमुना हे नाव लोकप्रिय होतं ते माहेरी. सासरी ते क्वचितच पोहोचलं. आणि ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला, त्यांच्याच घरातलं हे उदाहरण मी आज व्याख्यानमालेत देते आहे.

वाईच्या यमुनाबाई मात्र यमुनाबाईच राहिल्या. २०१२ साली लावणीला पद्मश्री आली ती त्या नावावर.

पुढे नलिनी, कुमुद, उषा, सुधा आल्या आणि नद्या आजीच्या पिढीत जाऊन बसल्या. १९३८ च्या ‘ब्रह्मचारी’तली ‘यमुनाजळी’ पोहण्याच्या पोशाखातल्या मीनाक्षी शिरोडकरांमुळे गाजली. आता तरुण मुलीने यमुनेत खेळावं, यमुना असू नये, असे दिवस आले होते. अलीकडे रमा परतली, मीरा परतली. यमुना नाही.

गेल्या वर्षी माझ्या भाचीला मुलगी झाली. मी भीतभीत यमुना सुचवलं. “मावशी, शाळेत तिला यमी म्हणतील, आणि यमी म्हणजे हल्ली आइस्क्रीम!” असं म्हणून तिने मोबाइलवरची यादी उघडली. शोधून शोधून दोघांनी ठेवलं कालिंदी. वेगळं आहे, कुणाचं नाही, म्हणून. कलिंद डोंगरातून निघणारी नदी ती कालिंदी. ती कुठली, हे त्यांनी विचारलं नाही, मीही बोलले नाही. बारशाला चिंच लावून लखलखीत केलेली ती परात घेऊन गेले. जावयाने काठ वाचला आणि हळूच मला बाजूला घेऊन म्हणाला, “मावशी, दुकानदाराने नाव चुकवलंय.”