घड्याळ आणि प्रतिस्पर्धी

मध्यम पल्ल्याच्या शर्यतींत दोन प्रकारचें मोठेपण असतें. एक घड्याळाविरुद्ध सिद्ध होतें, दुसरें माणसांविरुद्ध. हवा शांत आहे, धांवपट्टी उत्तम आहे आणि पहिल्या फेऱ्यांत वेग ठरवून देणारा सोबती पुढें धांवत आहे, अशा एखाद्या संध्याकाळीं जागतिक उच्चांक मोडणारा धांवपटु खरोखरच असामान्य असतो, यांत शंका नाहीं. परंतु ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतींत असा सोबती मिळत नाहीं. तेथें सभोंवार सातआठ प्रतिस्पर्धी असतात, आणि त्यांतील प्रत्येकाचा हेतु दुसऱ्याचा वेग बिघडविण्याचाच असतो. तेथें वेळेला कोणी विचारीत नाहीं, क्रमांकाला विचारतात. एखाद्या धांवपटूच्या यशाचा अंदाज बांधतांना या दोन गुणांची गल्लत झाली, कीं अंदाज चुकण्याचा संभव फार. या गल्लतीचें अत्यंत बोधप्रद उदाहरण म्हणजे १९८० सालच्या मॉस्को ऑलिंपिकमधील सेबॅस्टियन को आणि स्टीव्ह ओव्हेट या दोन इंग्रज धांवपटूंची झुंज होय.

दोघांत ओव्हेट हा एका वर्षानें वडील. त्याचा जन्म १९५५ सालीं ब्रायटन या समुद्रकांठच्या शहरीं, बाजारांत धंदा करणाऱ्या कुटुंबांत झाला. को याचा जन्म १९५६ सालीं लंडनमध्यें झाला आणि तो वाढला शेफील्ड या पोलादाच्या कारखान्यांच्या शहरांत. त्याच्या आईचे वडील पंजाबी होते, ही गोष्ट भारतीय वाचकांस लक्षांत ठेवण्याजोगी वाटेल. को याचे वडील पीटर को हे व्यवसायानें एंजिनियर. धांवण्याच्या शास्त्राचा त्यांस पूर्वानुभव नव्हता. पण यंत्राचा अभ्यास करावा तसा त्यांनीं मुलाच्या शरीराचा अभ्यास केला आणि ते स्वतःच त्याचे शिक्षक झाले. ओव्हेटला हॅरी विल्सन यांच्यासारखा अनुभवी मार्गदर्शक लाभला होता. एकाची चण हलकी व पाऊल जवळजवळ आवाज न करणारें. दुसऱ्याचे खांदे रुंद व चाल जोरकस. को वार्ताहरांशीं सौजन्यानें बोले. ओव्हेट त्यांच्याशीं बहुधा बोलतच नसे, आणि शर्यत संपण्यापूर्वींच प्रेक्षकांकडे पाहून हात हालवी. वृत्तपत्रांनीं या भेदाचा पुरेपूर उपयोग केला आणि एकास नायक व दुसऱ्यास खलनायक करून टाकिलें. धांवण्याच्या गुणावगुणांशीं या चित्राचा कांहींच संबंध नव्हता.

आतां दोघांच्या यशाचा जमाखर्च, १९८० च्या जुलै महिन्यांत तो जसा दिसत होता तसा, मांडून पाहणें योग्य होईल. को याच्या बाजूस १९७९ चा उन्हाळा होता. त्या वर्षीं ५ जुलै रोजीं ओस्लो येथें त्यानें ८०० मीटरचें अंतर १ मिनिट ४२.४ सेकंदांत तोडलें आणि क्यूबाच्या आल्बेर्तो ह्वान्तोरेना याचा उच्चांक पूर्ण एका सेकंदानें मागें टाकला. बारा दिवसांनीं तेथेंच एक मैल ३ मिनिटें ४९ सेकंदांत, आणि १५ ऑगस्ट रोजीं झुरिच येथें १५०० मीटर ३ मिनिटें ३२.१ सेकंदांत. एकेचाळीस दिवसांत तीन जागतिक उच्चांक! त्यांतही ८०० मीटरमध्यें त्याच्या आसपास फिरकेल असा धांवपटु जगांत दुसरा दिसत नव्हता.

ओव्हेटच्या बाजूस निराळीच जमा होती. १५०० मीटर व मैल या दोन अंतरांत मे १९७७ पासून तो एकदांही हरला नव्हता. मॉस्कोस पोहोंचेपर्यंत ही विजयमालिका चाळिसांच्या वर गेली होती. १९७८ सालीं प्राग येथें तो युरोपचा १५०० मीटरचा विजेता झाला. शेवटच्या दोनशें मीटरांत अचानक वेग वाढवून प्रतिस्पर्ध्यांस जागच्या जागीं खिळवून टाकण्याची त्याची हातोटी सर्वांस ठाऊक होती. उच्चांकांची त्यास फारशी पर्वा नाहीं अशी समजूत होती. तीही १९८० च्या जुलैंत खोटी ठरली. १ जुलै रोजीं ओस्लो येथें को यानें १००० मीटरचा नवा उच्चांक केला आणि त्याच संध्याकाळीं, त्याच मैदानावर, ओव्हेटनें को याचा मैलाचा उच्चांक ३ मिनिटें ४८.८ सेकंद वेळ नोंदवून काढून घेतला. पंधरवड्यानें त्यानें १५०० मीटरच्या उच्चांकाचीही बरोबरी केली. मोठ्या स्पर्धेंत हे दोघे तोंपर्यंत एकदांच समोरासमोर आले होते, आणि ती भेटही चमत्कारिक होती. प्राग येथील ८०० मीटरच्या अंतिम शर्यतींत को यानें पहिली फेरी पन्नास सेकंदांच्या आंत पळून सर्व बळ खर्चून टाकिलें. ओव्हेट त्यास ओलांडून गेला. आणि इतक्यांत पूर्व जर्मनीच्या ओलाफ बायरनें दोघांसही मागें टाकिलें.

या जमाखर्चावरून जाणत्यांनीं काढलेला निष्कर्ष असा कीं, ८०० मीटर को याची आणि १५०० मीटर ओव्हेटची. हा निष्कर्ष अविचाराचा नव्हता. आंकडे समोर ठेवणाऱ्या कोणाही समंजस माणसानें तोच काढला असता. प्रत्यक्षांत दोन्ही शर्यतींचे निकाल नेमके उलट लागले.

प्रथम ८०० मीटर. २६ जुलै रोजीं झालेल्या या अंतिम शर्यतीची पहिली फेरी सुमारें साडेचोपन्न सेकंदांत संपली. ओस्लोच्या उच्चांकाच्या वेळीं को याची पहिली फेरी एक्कावन सेकंदांच्या आंत होती, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ही गति किती संथ होती हें कळून येईल. वास्तविक अशा वेळीं को यानें पुढें होऊन शर्यत आपल्या वेगाची करावयास हवी होती. परंतु तो मागेंच राहिला, आणि तोही बाहेरच्या अंगास, जेथें प्रत्येक वळणावर अधिक अंतर तोडावें लागतें. ओव्हेट घोळक्यांत कोंडला गेला होता. पण खांद्यानें व कोपरानें वाट काढण्यांत तो मागें हटणारा नव्हता. सोव्हिएत धांवपटु निकोलाय किरोव्ह यानें शेवटच्या फेरींत मुसंडी मारली, तेव्हां ओव्हेट लगेच त्याच्या पाठीस लागला. को यास निर्णय घेण्यास उशीर झाला. शेवटच्या सरळ पट्ट्यांत ओव्हेट किरोव्हला ओलांडून १ मिनिट ४५.४ सेकंदांत पहिला आला. को अर्ध्या सेकंदानें दुसरा आणि किरोव्ह तिसरा. जगांतील सर्वांत वेगवान ८०० मीटर धांवणारा पुरुष आपल्या उच्चांकाहून सुमारें साडेतीन सेकंदांनीं अधिक वेळ घेऊन हरला होता. आपल्या आयुष्यांतील सर्वांत वाईट शर्यत नेमकी त्याच दिवशीं आपण धांवलों, अशा अर्थाची कबुली को यानें पुढें स्वतःच दिली.

यापुढील सहा दिवस को याच्या खऱ्या कसोटीचे होते. ज्या शर्यतींत यश निश्चित मानलें होतें ती हातची गेली. आतां उरली ती प्रतिस्पर्ध्याची हक्काची शर्यत. शिवाय प्रत्येक अंतरास प्राथमिक, उपांत्य व अंतिम अशा तीन फेऱ्या. म्हणजे नऊ दिवसांत सहा शर्यती. शरीराइतकाच मनाचाही येथें कस लागतो.

१ ऑगस्ट रोजीं १५०० मीटरची अंतिम शर्यत सुरू झाली ती याहूनही संथ गतीनें. पहिले ८०० मीटर संपण्यास सुमारें २ मिनिटें ५ सेकंद लागले. हा वेग ओव्हेटच्या सोयीचा होता. कारण शेवटपर्यंत असेंच चाललें असतें, तर सारा निकाल अखेरच्या दोनशें मीटरांवर आला असता. परंतु या वेळीं पूर्व जर्मनीच्या युर्गेन श्ट्राउब यानें डाव उधळला. शेवटच्या झपाट्यांत या दोन इंग्रजांपुढें आपला निभाव लागणार नाहीं हें ओळखून त्यानें सातशें मीटर शिल्लक असतांनाच वेग एकदम वाढविला. या वेळीं को मागें राहण्याची चूक न करतां श्ट्राउबच्या थेट पाठीशीं होता, आणि ओव्हेट त्याच्या मागें. शेवटच्या वळणावर को पुढें झाला, आणि अखेरच्या पट्ट्यांत त्यानें आणखी एकदां वेग वाढविला. को ३ मिनिटें ३८.४ सेकंद, श्ट्राउब ३८.८, ओव्हेट ३९.०. हिशेब केला तर शेवटचे ७०० मीटर सुमारें साडेत्र्याण्णव सेकंदांत झाले. याच वेगानें आणखी १०० मीटर धांवल्यास ८०० मीटरची वेळ १ मिनिट ४७ सेकंदांच्या आंत येते. म्हणजे बाहेरून जी १५०० मीटरची शर्यत दिसत होती ती आंतून जवळजवळ ८०० मीटरची शर्यत झाली होती, आणि त्या अंतराचा राजा को हाच होता.

अंदाज उलटे कां ठरले, याचें एक कारण येथेंच सांपडतें. शर्यतीचें नांव तिच्या अंतरावरून पडतें. पण तिचें स्वरूप तिच्या गतीवरून ठरतें. ८०० मीटरची शर्यत संथ झाली, तेव्हां ती धक्काबुक्कीची व क्षणांत निर्णय घेण्याची शर्यत बनली, आणि तो गुण ओव्हेटचा होता. १५०० मीटरची शर्यत शेवटच्या सातशें मीटरांत एकसारखी वेगवान झाली, तेव्हां ती दीर्घकाळ वेग टिकविण्याची शर्यत बनली, आणि तो गुण को याचा होता. दुसरें कारण मनोव्यापारांचें आहे. पहिल्या शर्यतींत को यास हरण्याची भीति होती; दुसरींत गमावण्यासारखें फारसें उरलें नव्हतें. ओव्हेटचें उलट झालें. एक सुवर्णपदक पदरांत पडल्यावर भुकेची धार थोडी बोथट होणें मनुष्यस्वभावास धरूनच आहे.

एक शंका मात्र न्यायानें नोंदविली पाहिजे. अफगाणिस्तानांतील सोव्हिएत सैन्याच्या निषेधार्थ अमेरिका, पश्चिम जर्मनी, केनिया इत्यादि देशांनीं त्या सामन्यांवर बहिष्कार घातला होता. अमेरिकेचे डॉन पेज व स्टीव्ह स्कॉट, केनियाचा माइक बॉइट यांसारखे धांवपटु त्यामुळें अनुपस्थित राहिले. ब्रिटिश सरकारचा विरोध असतांही ब्रिटनचे खेळाडू गेले आणि पदकदानाच्या वेळीं त्यांच्यासाठीं ऑलिंपिकचा ध्वज उभारला गेला. जे आले नाहींत त्यांनीं निकाल बदलला असता कीं नाहीं, हा प्रश्न कायमचा अनुत्तरितच राहणार.

अनोळखी धांवपटु इतरांच्या शर्यतीचें रूप कसें पालटतो, याचें एक भारतीय उदाहरणही आहे. १९७६ सालीं माँट्रियल ऑलिंपिकच्या ८०० मीटरच्या अंतिम शर्यतींत भारताचा श्रीराम सिंग पहिल्या फेरीचा बराचसा भाग आघाडीवर होता. त्या वेगामुळें शर्यत तापली आणि ह्वान्तोरेनानें १ मिनिट ४३.५ सेकंदांचा जागतिक उच्चांक केला. तरुण ओव्हेट त्या शर्यतींत पांचवा आला. श्रीराम सिंग १ मिनिट ४५.७७ सेकंद वेळ नोंदवून सातवा आला, आणि त्याचा तो राष्ट्रीय उच्चांक २०१८ पर्यंत, म्हणजे बेचाळीस वर्षें, अबाधित राहिला. पदक न मिळवितांही एखाद्याचें धांवणें इतिहासांत कसें भाग घेतें, तें यावरून दिसतें.

मॉस्कोनंतरही दोघांची चढाओढ चालूच राहिली. १९८१ च्या ऑगस्टमध्यें दहा दिवसांत मैलाचा उच्चांक तीनदां बदलला: प्रथम को, मग ओव्हेट, मग पुन्हा को, ३ मिनिटें ४७.३३ सेकंद. पुढें दोघांसही आजारानें गांठलें. १९८४ सालीं लॉस एंजल्स येथें श्वसनाच्या विकारानें त्रस्त झालेल्या ओव्हेटला १५०० मीटरची शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली. वर्षापूर्वीं आजारानें मैदानाबाहेर राहिलेला को मात्र ३ मिनिटें ३२.५३ सेकंदांचा ऑलिंपिक उच्चांक करून पुन्हा विजयी झाला. पुरुषांच्या या शर्यतींत ऑलिंपिकचें सुवर्णपदक दोनदां जिंकणारा तो एकमेव धांवपटु आहे.

हा धडा जुना झालेला नाहीं. २०२४ सालीं पॅरिस येथें १५०० मीटरच्या अंतिम शर्यतीपूर्वीं सर्वांचें लक्ष नॉर्वेचा याकोब इंगेब्रिग्टसेन आणि ब्रिटनचा जॉश कर या दोघांच्या वैराकडेच होतें. इंगेब्रिग्टसेननें आघाडीवर राहून अत्यंत वेगानें शर्यत चालविली, कर त्याच्या पाठीस लागला, आणि त्या दोघांसही ओलांडून अमेरिकेचा कोल हॉकर ३ मिनिटें २७.६५ सेकंदांत पहिला आला. कर दुसरा, तर इंगेब्रिग्टसेन चौथा. पण तोच इंगेब्रिग्टसेन कांहीं दिवसांनीं ५००० मीटरचें सुवर्णपदक जिंकून गेला.

तेव्हां दोन थोर प्रतिस्पर्ध्यांची तुलना करतांना उच्चांकांची यादी समोर ठेवावी, पण तीवर थांबूं नये. शर्यत संथ झाली तर कोण सांपडेल, वेगवान झाली तर कोण टिकेल, कोंडी झाली तर कोण वाट काढील, आणि पहिला पराभव पचवून सहा दिवसांनीं पुन्हा रेषेवर कोण उभा राहील, हेही प्रश्न विचारावेत. आणि एवढें करूनही, श्ट्राउबसारखा किंवा हॉकरसारखा तिसराच कोणी शर्यतीचें रूप बदलून टाकील, यासाठीं हिशेबांत थोडी जागा मोकळी ठेवावी.