एकदिश प्रवाह : श्रेय रेणूचे की धातूचे?

(विज्ञानविषयक चर्चासत्रात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



वैज्ञानिकांच्या सभेत अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु संशोधनावर खर्च होणारा पैसा बहुतांशी सार्वजनिक असतो. त्यामुळे फलिताचा हिशेब हा आमच्याही विषयाचा भाग ठरतो.

मोबाइलच्या चार्जरमध्ये प्रत्यावर्ती प्रवाहाला एकाच दिशेने वाहू देणारा दिष्टकारी, म्हणजे रेक्टिफायर असतो. हे काम एकटा रेणू करू शकेल, अशी कल्पना अरी अविराम आणि मार्क रॅटनर यांनी १९७४ मध्ये मांडली. एका टोकाला इलेक्ट्रॉन देणारा गट, दुसऱ्या टोकाला तो स्वीकारणारा गट आणि मध्ये दोहोंना विलग ठेवणारा पूल, अशी ही रचना होती.

पुढे पाण्यावर पसरलेला रेणूंचा थर धातूवर उचलून घेण्याच्या लँगम्युर-ब्लॉजेट तंत्राने अशा रेणूंचे पटल तयार झाले. १९९० मध्ये ब्रिटिश संशोधकांनी ते प्लॅटिनम व मॅग्नेशियम यांच्यामध्ये ठेवले. प्रवाह एका दिशेने अधिक वाहिला. पण दोन्ही धातू भिन्न असल्याने श्रेय रेणूचे की धातूंचे, हा प्रश्न उरला. १९९७ मध्ये अमेरिकेतील अलाबामा विद्यापीठात रॉबर्ट मेट्झगर व सहकाऱ्यांनी एकाच थराच्या दोन्ही बाजूंना अ‍ॅल्युमिनियम वापरले. त्यावर ऑक्साइड साचते, म्हणून पुढे सोन्यावर प्रयोग झाले. परिणाम टिकला, मात्र वारंवार व्होल्टता लावल्यास तो क्षीण होतो, हेही त्यांनी नोंदवले. २०१७ मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी एकरेणवीय थरातून एका दिशेचा प्रवाह उलट दिशेच्या लाख पटींहून अधिक असल्याचे दाखवले.

कल्पनेपासून इथवर ४३ वर्षे लागली. इतका काळ बाजारपेठ थांबत नाही. शिवाय धातू बदलून तोच प्रयोग पुन्हा करण्यातून विकण्याजोगी वस्तू निघत नाही. निघते ती केवळ खात्री. आणि तिचा लाभ सर्वांनाच होत असल्याने तिचा खर्च एकट्याने उचलण्यास कोणी धजत नाही.

भारत सरकारने २००७ मध्ये पाच वर्षांसाठी १,००० कोटी रुपयांचे नॅनो मिशन मंजूर केले. अशा कार्यक्रमांचे मूल्यमापन करताना शोधनिबंध आणि पेटंट मोजले जातात. पडताळणीचे प्रयोगही मोजले जावेत आणि त्यांसाठी निधीचा स्वतंत्र वाटा राखून ठेवावा, असे मला आग्रहाने सुचवायचे आहे. विकास योजनांनाही हाच न्याय लागू होतो. उत्पन्न वाढले, तर ते योजनेमुळे की त्या वर्षीच्या चांगल्या पावसामुळे, हे तपासल्याविना दिलेले श्रेय शास्त्रीय ठरत नाही.