घरच्या घरी टायर बदलताना

रत्नागिरीजवळच्या हातखंब्याचा तिठा सोडून आत वाडीवस्तीकडे वळलं की पंक्चरवाला दूर राहतो. अशा वेळी घरच्या गॅरेजात टायर हाताने उतरवता आला, तर अख्खा दिवस वाचतो.

टायर उतरवायचं हातयंत्र म्हणजे जमिनीला बोल्टने जखडलेला स्टँड आणि एक लांब दांडा. बोल्ट काँक्रीटमध्येच मारा, मऊ जांभ्यात तो ढिला होतो. आधी हवा पूर्ण सोडा, व्हॉल्व्हची पिन काढा. खरं कष्टाचं काम पुढे आहे. आपल्या खाऱ्या हवेत रिमला गंज चढतो आणि टायरची कड तिथे घट्ट चिकटते. हातोडा घालू नका. कडेत पोलादी तार असते. ती वाकली की टायर गेलाच. साबणाचं पाणी सोडा, थोडा दम धरा.

सगळी खुबी रिमच्या मधल्या खोलगट भागात आहे. एका बाजूची कड तिथे दाबून धरली, की समोरची कड टायर काढायच्या पट्टीने अलगद वर येते. दाबलेली कड त्या खोलगटात बसली नाही, तर कितीही जोर लावा, टायर हलत नाही. ट्यूब मात्र चिमटून फाटते.

नवा टायर घालण्याआधी रिमचा गंज घासून काढा. टायरवर बाण असेल तर तो चाक फिरण्याच्या दिशेने ठेवा. चार आकडी तारीखही वाचा: २७२४ म्हणजे २०२४चा सत्ताविसावा आठवडा. हवा भरताना चाकावर वाकू नका. आणि मोटारीचं चाक असेल, तर बॅलन्सिंगसाठी ते दुकानात नक्की न्या.