सर्किट बोर्डाची ओळख

निपाणी परिसरात शेतपंपाचा नियंत्रक बंद पडला, की दोष पुष्कळदा एखाद्या फुगलेल्या कपॅसिटरचाच असतो. त्यावरील अक्षरे जळाली असतील, तर कारागिराने त्याचे मूल्य जाणावे कसे? फ्रान्समधील ज्याँ-पिएर शारास यांनी १९९२ मध्ये आरंभिलेली ‘कीकॅड’ ही विनामूल्य संगणकप्रणाली येथे उपयोगी पडते. पडद्यावरील आराखड्यात ‘सी ७’ निवडताच त्याचे मूल्य, आकार आणि त्याला जोडलेले तांब्याचे मार्ग दिसतात. मात्र त्यासाठी त्या बोर्डाची मूळ फाईल हवी. पुष्कळ उत्पादक ती देतच नाहीत, आणि खरी अडचण हीच आहे! १९९८ मध्ये बेळगावात स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी तरी आपल्या बोर्डांच्या फाईली दुरुस्ती करणारांस खुल्या ठेवाव्यात. फाईल नसेल तेथे तसाच दुसरा बोर्ड शोधून त्यावरील अक्षरे वाचणे, एवढाच मार्ग बहुधा उरतो.