झेंडी कुणाच्या हातात?

(नांदगाव येथील महिला मेळाव्यातील भाषण)



१३ फेब्रुवारी २०२३ च्या पहाटे लासलगावजवळ रुळांवर काम करणाऱ्या चार ट्रॅकमनना रेल्वेच्याच टॉवर वॅगनने चिरडले. नांदगाववरून जातो, त्याच लोहमार्गावर.

गँगमध्ये गाडीवर नजर ठेवणारा एक लुकआउटमन असतो. शिट्टी नि झेंडी, एवढेच त्याचे काम. त्याच्या हाती फावडे देता कामा नये. आता नवऱ्याच्या जागी अनुकंपेवर लागलेल्या बायकाही गँगमध्ये आहेत. ‘हलके काम’ म्हणून बाईला झेंडी दिली, तर आधी शिकवले का? वळणावर गाडी किती दुरून दिसते, अवजारांसकट रूळ सोडायला किती वेळ लागतो, हे ठाऊक नसेल तर शिट्टी उशिराच वाजणार. आणि तिच्या शिट्टीवर मुकादमही बाजूला होईल ना?

पुढच्या बैठकीला गँगमधल्या बायकांना बोलवू. बैठक मात्र त्यांच्या ड्यूटीनंतर ठेवा.