काडतुसातील ठिणगी



दिवाळीत मुलांच्या पिस्तुलात जी टिकली फुटते, तिला ज्योत लावावी लागत नाही. तिच्यावर आघात झाला की पुरे. काडतुसाच्या बुडाशी बसविलेल्या धातूच्या चिमुकल्या वाटीचे, म्हणजे प्रायमरचे, कार्यही हेच होय. चाप ओढताच तिच्यावर आघात होतो, तिच्यातून ज्वाला निघते आणि त्या ज्वालेने आतील दारू पेटते. परंतु टिकली हे खेळणे आहे आणि प्रायमर हे स्फोटक आहे. पुस्तकाचा अनुवाद करीत असता या भेदाचा मला पदोपदी प्रत्यय आला. म्हणून त्याविषयी चार शब्द बोलतो.

अमेरिकेत नेमबाजीची आवड असलेले अनेक लोक झाडलेल्या काडतुसांची पितळी नळकांडी जपून ठेवतात आणि नवा प्रायमर, तोलून घेतलेली दारू व गोळी घालून ती घरीच पुन्हा भरतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये परवान्यावाचून दारूगोळा तयार करता येत नाही. त्याचे सुटे भाग आणि तो बनविण्याची यंत्रेही त्या कायद्याच्या व्याख्येत येतात. तेव्हा आपण हा विषय अनुकरणासाठी नव्हे, तर समजून घेण्यासाठी वाचावयाचा आहे.

पाऱ्याच्या फल्मिनेटचे वर्णन एडवर्ड हॉवर्ड याने १८०० साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. त्या काळी बंदूक गारगोटीच्या ठिणगीने पेटत असे. ती ठिणगी पाहूनच पक्षी सावध होतात, असे स्कॉटलंडमधील बेलहेल्वी गावचे धर्मोपदेशक अलेक्झांडर फॉर्साइथ यांच्या ध्यानी आले. शिकारीच्या या अडचणीतून त्यांनी आघाताने पेटणारी रचना शोधली व १८०७ मध्ये तिचे पेटंट घेतले. पुढे १८६६ च्या सुमारास दोन पद्धती निघाल्या. अमेरिकेच्या बर्डनने आघात झेलणारी ऐरण नळकांड्यातच घडविली व ज्वालेसाठी बाजूला दोन बारीक छिद्रे ठेवली. इंग्लंडच्या बॉक्सरने ऐरण प्रायमरमध्येच बसविली व छिद्र मधोमध एकच ठेवले. त्यामुळे वापरलेला बॉक्सर प्रायमर सरळ काडीने बाहेर ढकलता येतो, आणि म्हणूनच पुन्हा भरणाऱ्यांना तो सोयीचा वाटतो. मौज अशी, की इंग्रजाची पद्धत अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची युरोपात.

आता निवडीकडे वळू. प्रायमरचे व्यास मुख्यतः दोन आहेत : लहानाचा ०.१७५ इंच व मोठ्याचा ०.२१० इंच. प्रत्येकात पिस्तुलाचा आणि रायफलचा असे भेद पडतात. लहान आकारात दोघांची मापे सारखीच. म्हणून एकाच्या जागी दुसरा सहज बसतो. पण रायफलच्या प्रायमरचा पत्रा जाड असतो. पिस्तुलाच्या आघाताने तो फुटेलच असा भरवसा नसतो. उलट पिस्तुलाचा पातळ प्रायमर रायफलच्या दाबापुढे टिकत नाही. मोठ्या आकारात रायफलचा प्रायमर उंचीने अधिक असतो, त्यामुळे पिस्तुलाच्या नळकांड्यात तो पृष्ठभागाच्या वर राहतो. मॅग्नम प्रायमरची ज्वाला अधिक तीव्र असते. साध्याऐवजी तो घातल्यास नळीतील दाब वाढू शकतो. ‘बसतो म्हणजे चालतो’ हा आपला नेहमीचा व्यवहारी न्याय येथे घातक ठरतो. भरणीच्या तक्त्यात जो प्रायमर सांगितला असेल तोच घ्यावा, आणि तो बदलल्यास दारूचे माप कमी करून पुन्हा प्रारंभापासून चढत जावे.

हाताळणीचे नियम थोडेच आहेत, परंतु त्यांत सूट नाही. कारखान्याच्या डबीत प्रत्येक प्रायमर निराळ्या खणात असतो, तो शोभेसाठी नव्हे. सारे एका बरणीत ओतले, तर एकाच्या फुटण्याने उरलेले सर्व एकदम फुटू शकतात आणि मग ती बरणी म्हणजे बाँबच होय. म्हणून ते मूळ डबीतच ठेवावेत. उष्णतेपासून, ठिणगीपासून आणि दारूपासून दूर ठेवावेत. काम करताना डोळ्यांवर चष्मा असावा. प्रायमर पृष्ठभागाशी समपातळीत किंवा किंचित खाली बसला पाहिजे. वर राहिलेला प्रायमर पहिल्या आघाताची शक्ती नुसती आत सरकण्यात घालवितो, आणि स्वयंचलित पिस्तुलात तर अवेळी फुटण्याची भीती असते. अडलेला प्रायमर जोर करून दाबू नये. तेलकट बोटांनी तो निकामी होऊ शकतो. पण तेल लावले म्हणजे तो निर्धोक झाला, असेही मानू नये. आजच्या बहुतेक प्रायमरमध्ये शिशाचे स्टिफ्नेट असते. तेव्हा कामाच्या जागी खाणेपिणे वर्ज्य, आणि काम संपताच हात स्वच्छ धुणे आवश्यक.

अनुवादकाचा संबंध येतो तो येथेच. पहिल्या खर्ड्यात मी एका ठिकाणी ‘प्रायमर शक्यतो बदलू नये’ असे लिहून गेलो होतो. वाक्य मराठीत गोड वाटत होते. मुद्रिते तपासताना थबकलो. मूळ वाक्यात ‘शक्यतो’ला जागाच नव्हती. आपल्या भाषेचा विनय त्या एका शब्दातून नकळत शिरला होता आणि वाचकाला नसलेली मोकळीक देऊन गेला होता. तो शब्द मी खोडला. दारूला मी ‘दारू’ म्हटले, परंतु प्रायमरमधील मिश्रणाला तो शब्द लावला नाही. कारण दारू ज्योतीची वाट पाहते, हे मिश्रण केवळ आघाताची. ‘टोपी’ हा ठासणीच्या बंदुकीचा शब्दही मोहक होता, पण ती टोपी बाहेर चढविली जाई, प्रायमर आत बसतो. म्हणून रंगाऱ्याच्या प्रायमरशी गल्लत होण्याचा धोका पत्करूनही परका शब्दच कायम ठेवला.

ललित कृतीत एखादी छटा निसटली, तर रसिक हळहळतो. अशा पुस्तकात ती निसटली, तर कोणाचे बोट जाते, कोणाचा डोळा जातो. वस्तू बोटाच्या पेरावर मावेल एवढीच असते. तिच्याविषयीचा शब्द मात्र तोलूनच वापरावा लागतो. एवढे सांगून मी आपली रजा घेतो.